‘नारळ दिला’, ‘वाटाण्याच्या अक्षता लावल्या’, ‘केराची टोपली दाखवली’... नकाराचे हे वाक्प्रचार आले कुठून?

निवडणूक जवळ आली की काही मथळे हमखास दिसतात. विद्यमान आमदाराला ‘नारळ’, इच्छुकांना ‘वाटाण्याच्या अक्षता’, मित्रपक्षाच्या मागणीला ‘केराची टोपली’. तिन्हींचा अर्थ एकच, नकार. पण ‘नाही’ हा शब्द यात कुठेच नसतो. मग नारळ, वाटाणा आणि टोपली यांचा नकाराशी संबंध आला कसा? जाणून घेऊया.

नारळ : मान की निरोप?

रत्नागिरीकरांना नारळाची ओळख करून द्यायला नको. शहराजवळ भाट्ये येथे १९५५ पासून प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. नारळी पौर्णिमेला मच्छीमार समुद्राला नारळ अर्पण करतात. देवाला गाऱ्हाणे घालताना नारळ ठेवला जातो आणि सत्कार म्हटला की शाल-श्रीफळ आलेच. मग इतक्या शुभ फळाचा अर्थ ‘कामावरून काढणे’ असा कसा झाला?

उत्तर निरोपाच्या रीतीत आहे. माहेरवाशीण सासरी निघाली की तिची ओटी नारळाने भरायची, पाहुणा निघाला की त्याच्या हातावर नारळ ठेवायचा. नारळ हातात पडला म्हणजे निघायची वेळ झाली. पुढे वाक्प्रचारातला मान गळून पडला आणि निरोप तेवढा उरला.

‘बोळवण’ या शब्दाचेही असेच झाले. बोळवण म्हणजे पाहुण्याला किंवा लेकीला प्रेमाने वाटेला लावणे. आज मात्र ‘आश्वासनावर बोळवण’ म्हणजे काहीच हाती न देता परत पाठवणे.

न चिकटणाऱ्या अक्षता

अक्षता म्हणजे न तुटलेले, अखंड तांदूळ. ते कुंकवात भिजवून लग्नाचे आमंत्रण देताना वापरण्याची पद्धत आहे. ओल्या कुंकवाबरोबर तांदळाचा दाणा कपाळाला चिकटतो. त्या जागी गोल वाटाणा लावला तर? तो घरंगळून पडणार. त्यामुळे आमंत्रणाचा देखावा झाला, पण प्रत्यक्षात काहीच मिळाले नाही, असा या वाक्प्रचाराचा अर्थ लावला जातो.

‘तोंडाला पाने पुसणे’ हाही जेवणावळीची आठवण करून देणारा वाक्प्रचार. जेवू न घालता तोंडाला नुसते पान पुसले, तर माणूस उपाशीच राहतो. म्हणून आशा लावून फसवणे, असा त्याचा अर्थ.

‘केराची टोपली’ मात्र कचेरीतली. ती दाखवायला आधी कागदावर लिहिलेला अर्ज लागतो.

देवाचा ‘डावा कौल’

कोकणातल्या अनेक देवळांत महत्त्वाचे काम हाती घेण्यापूर्वी देवाला कौल लावतात. मूर्तीला फुले, पाकळ्या किंवा पाने चिकटवली जातात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. ‘डावा कौल मिळाला’ म्हटले की पुढे काही बोलावे लागत नाही.

कौल हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ शब्द, वचन. मराठेशाहीच्या कागदपत्रांत अभयपत्राला ‘कौलनामा’ म्हणत. निवडणूक निकालाच्या बातम्यांत ‘जनतेचा कौल’ येतो तो हाच.

इंग्रजीत काय?

आडवळणाने नकार देणे ही काही मराठीचीच खासियत नाही. दुर्लक्ष करण्याला इंग्रजीत ‘कोल्ड शोल्डर’ देणे म्हणतात. नकोशा पाहुण्याला मटणाचा थंड तुकडा वाढत, त्यावरून हा शब्द आला, अशी गोष्ट इंटरनेटवर फिरते. मात्र १८१६ मध्ये आलेल्या वॉल्टर स्कॉट यांच्या ‘द अँटिक्वेरी’ या कादंबरीत तो जिथे आढळतो, तिथे जेवणाचा संबंध नाही. तिथला खांदा माणसाचाच, पाठ फिरवणाऱ्याचा.

‘ब्लॅकबॉल’चे मूळ तर अगदी स्पष्ट आहे. क्लबमध्ये नव्या सदस्याला घ्यायचे की नाही, यावर गुप्त मतदान होई. पांढरा गोळा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार.

इथे गल्लत होते!

- हातावर तुरी देणे : हा नकार नव्हे. याचा अर्थ डोळ्यांदेखत निसटून जाणे.
- ठेंगा दाखवणे : ठेंगा म्हणजे अंगठा. मराठीत अंगठा दाखवला की ‘काही मिळणार नाही’. व्हॉट्सअ‍ॅपवर तोच अंगठा ‘ठीक आहे’ सांगतो. त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना तो पाठवताना जरा जपून.
- नन्नाचा पाढा : एकदाच दिलेल्या नकाराला हे म्हणत नाहीत. प्रत्येक गोष्टीला सतत ‘नाही’ म्हणत राहणे म्हणजे नन्नाचा पाढा.

गोड नकाराची किंमत

नकार गुंडाळून दिला की समोरच्याचा मान राहतो. पण तो नकार आहे हेच समजले नाही, तर माणूस वाट पाहत बसतो. स्थळ बघून गेल्यावर ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला, तर त्याचा अर्थ बहुतेकांना कळतो. मुलाखतीनंतरचे ‘कळवतो’ आणि खिडकीवरचे ‘बघू, पुढच्या आठवड्यात या’ मात्र तितके स्पष्ट नसते. त्यात दुसरीकडे अर्ज करण्याची मुदत निघून जाते, खेपांचे भाडे खर्च होते.

सरकारी कामात तरी यावर उपाय आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेचा अर्ज ठरलेल्या मुदतीत मंजूर करावा लागतो किंवा कारण लेखी नोंदवून फेटाळावा लागतो. फेटाळल्यास ३० दिवसांत पहिले अपील करता येते. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्येही माहिती नाकारताना कारण आणि अपील कुठे करायचे, हे कळवणे बंधनकारक आहे.

त्यामुळे दाखल्यासाठी अर्ज केल्यावर पोच आणि अर्ज क्रमांक मागून घ्या. त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे ‘बघू’ असे उत्तर आले, तर ते लेखी द्या म्हणून सांगा.