ओराय-१

ओराय-१ हे मानवी पेशींच्या प्रद्रव्यपटलातील एक प्रथिन आहे. या प्रथिनाचे सहा रेणू एकत्र येऊन कॅल्शियम आयनांना पेशीत प्रवेश देणारी वाहिनी तयार होते. काही कर्करोगांत या वाहिनीच्या नियंत्रणात बदल झालेला आढळतो. या प्रथिनाची ओळख २००६ मध्ये पटली. ग्रीक पुराणकथांत स्वर्गाची द्वारे राखणाऱ्या देवतांवरून त्यास हे नाव मिळाले.

कार्य

पेशीबाहेरील कॅल्शियमचे प्रमाण पेशीद्रव्यातील प्रमाणाच्या सुमारे १०,००० पट असते. त्यामुळे वाहिनी क्षणभर उघडली तरी आयन वेगाने आत शिरतात आणि ही वाढ पेशीसाठी संदेश ठरते. पेशीतील कॅल्शियमचा साठा आंतर्द्रव्यजालिकेत असतो. तो घटल्याची जाणीव जालिकेच्या पटलातील 'स्टिम-१' या प्रथिनास होते. स्टिम-१ चे रेणू मग प्रद्रव्यपटलाजवळ गोळा होतात व ओराय-१ ला जोडले जाऊन वाहिनी उघडतात. साठा रिता झाल्यावर बाहेरून कॅल्शियम आत येते, ही संकल्पना जेम्स पुटनी यांनी १९८६ मध्ये मांडली होती.

कर्करोगाशी संबंध

पेशींचे विभाजन, स्थलांतर आणि नियोजित मृत्यू या तिन्ही क्रिया कॅल्शियमच्या संदेशांवर अवलंबून असतात. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत ओराय-१ किंवा स्टिम-१ यांचे प्रमाण घटवल्यास पेशींचे स्थलांतर मंदावते आणि उंदरांमध्ये रोगाचा प्रसार कमी होतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. स्थलांतर करणाऱ्या पेशीला आधारपृष्ठावरील पकड सोडून पुन्हा नवी पकड घ्यावी लागते. या उलाढालीस कॅल्शियम आवश्यक असते. २०१० मधील संशोधनानुसार स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशींत 'एसपीसीए-२' हे प्रथिन ओराय-१ ला जोडले जाते व साठा भरलेला असतानाही वाहिनी चालू ठेवते. अशा वेळी वाहिनी साठ्याच्या नियंत्रणातून सुटते आणि पेशीस वाढीचा संदेश सतत मिळत राहतो.

उपचारातील अडचण

ही वाहिनी बंद करणारे औषध कर्करोगावर उपयुक्त ठरू शकेल, अशी अपेक्षा आहे. परंतु रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींनाही हीच वाहिनी लागते. ओराय-१ चे जनुक उत्परिवर्तनामुळे निकामी झालेल्या बालकांत प्रतिकारशक्तीचा गंभीर अभाव आणि स्नायूंची दुर्बलता आढळते. कर्कपेशींचा नाश करण्यातही टी-पेशींचा वाटा असल्याने, निरोगी पेशींना अपाय न करता केवळ रोगग्रस्त पेशींतील वाहिनी रोखणे हे संशोधकांपुढील मुख्य आव्हान आहे.