खडकांची कालगणना – लेखांक 6 : ग्रॅप्टोलाइटांची साक्ष

जीवाश्मांच्या ठराविक क्रमावरून थर ओळखता येतात हे विल्यम स्मिथ याने 1815 च्या आपल्या नकाशात दाखवून दिले, याचे विवेचन मागील लेखांकात आले आहे. हा क्रम किती बारकाईने वाचता येतो, याचे उत्तम उदाहरण मात्र दक्षिण स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात सापडते, आणि ते घडवणारा जीव अगदी साधा आहे.

ग्रॅप्टोलाइट हे वसाहत करून राहणारे सागरी प्राणी होत. एका सामाईक दांड्यावर ओळीने असलेल्या इवल्याशा पेल्यांत एकेक सूक्ष्म जीव राहत असे. बहुतेक वसाहती पाण्यात तरंगत असल्याने प्रवाहांबरोबर त्या दूरवर पसरत आणि मेल्यावर तळाशी बसत. तळाच्या गाळात प्राणवायू नसेल तेथे त्यांना खाणारे कोणी नसे, म्हणून तो गाळ दबून काळा शेल, म्हणजे पापुद्र्यांनी फुटणारा चिखलाचा खडक, बनला तरी त्याच्या पृष्ठावर करवतीच्या पात्यांसारख्या दातेरी रेघा शिल्लक राहिल्या. सर्वदूर प्रसार, विपुलता आणि प्रत्येक जातीचे अल्प आयुष्य हे सूचक जीवाश्माचे, म्हणजे थराचा काळ ओळखून देणाऱ्या जीवाश्माचे, तिन्ही गुण येथे एकत्र आले आहेत. ऑर्डोव्हिसियन काळाच्या आरंभी या वसाहतींना अनेक फांद्या असत, पुढे त्या चार व दोन झाल्या, नंतर दोन्ही बाजूंना पेले असलेला एकच दांडा प्रचलित झाला आणि सिल्युरियन काळात एकाच बाजूला पेले असलेला मोनोग्रॅप्टस आला. त्यामुळे हाती आलेल्या तुकड्यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

मॉफॅट गावाजवळील डॉब्ज लिन या घळीत काळे शेल वालुकामय खडकांच्या सोबत पुन्हापुन्हा डोके वर काढतात. सर्वेक्षकांनी हे सारे एकावर एक साचलेले स्वतंत्र थर मानले होते, आणि त्या हिशेबाने एकूण जाडी हजारो फूट भरत होती. गालाशील्स येथे शाळाशिक्षक असलेल्या चार्ल्स लॅपवर्थ याने मात्र शेलाचा पापुद्रान् पापुद्रा सोलून कोणत्या पातळीवर कोणती जाती आहे याची नोंद ठेवली, तेव्हा जातींचा तोच क्रम ठिकठिकाणी परत येतो, आणि काही जागी तर चक्क उलटा येतो, असे त्याला आढळले. याचा अर्थ एकच होता : सुमारे शंभर मीटर जाडीचा एकच शेल घड्या पडून व तुटून अनेकदा वर आला होता. हा निष्कर्ष त्याने 1878 मध्ये मांडला, आणि एका शिक्षकाने फावल्या वेळात केलेले हे काम भूविज्ञानातील चिकाटीच्या निरीक्षणाचा आदर्श म्हणावे लागेल.

सहसंबंध, म्हणजे दूरच्या थरांची समकालीनता ठरवणे, हे याहून कठीण काम. कारण एकाच वेळी एका ठिकाणी चिखल आणि दुसरीकडे वाळू व गोटे साचतात, तेव्हा केवळ खडकाचे रूप पाहणारा हमखास फसतो. पश्चिम किनाऱ्यावरील गर्व्हान येथे मॉफॅटच्या पातळ शेलाच्याच काळातले थर कित्येक पटींनी जाड असून त्यांत गोटेखडक, वालुकाश्म आणि चुनखडक आहेत. दोन्हीकडच्या ग्रॅप्टोलाइटांचा मेळ घालून लॅपवर्थने 1882 मध्ये त्यांचे नाते प्रस्थापित केले. तत्पूर्वी, 1879 मध्ये, सेजविक व मर्चिसन या भूवैज्ञानिकांमध्ये कँब्रियन आणि सिल्युरियन यांच्या सीमेवरून चाललेला जुना वाद मिटवण्यासाठी त्याने वादग्रस्त थरांना ऑर्डोव्हिसियन हे वेगळे नाव सुचवले होते. पुढे गर्ट्रूड एलिस व एथेल वुड या दोघींनी त्याच्या संपादनाखाली ब्रिटिश ग्रॅप्टोलाइटांचा जो ग्रंथ 1901 ते 1918 या काळात सिद्ध केला, त्यामुळे जाती ओळखण्याचे काम पक्क्या पायावर उभे राहिले.

डॉब्ज लिनमधील बर्कहिल शेलाच्या तळापासून 1.6 मीटर उंचीवरील पातळी 1980 च्या दशकापासून सिल्युरियन काळाच्या आरंभाची जागतिक प्रमाणरेषा मानली जाते. ग्रॅप्टोलाइट अर्थातच क्रम सांगतात, वर्षे नव्हे. ही रेषा सुमारे 44 कोटी वर्षांपूर्वीची आहे हे त्यांच्यावरून समजू शकत नाही. वर्षांचा हिशेब ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतील झिरकॉन या खनिजावरून लागतो आणि त्या झिरकॉनमधील युरेनियमचे शिसे कसे होते, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.