खरं बियाणं वाटणाऱ्या पेशी

हिंगोली जिल्ह्यातल्या आखाडा बाळापूरच्या बाजारात शेतकरी बियाण्याची पिशवी दोनदा उलटीपालटी करून पाहतो. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन पेरलं आणि उगवलंच नाही, अशा तक्रारींचा ढीग लागला होता. ती आठवण अजून पुसलेली नाही. दाणा दिसायला चोख, रंग चोख, आणि आठ दिवसांनी रान मात्र काळंभोर. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचं जेमसिटाबिन हे औषध नेमकं असंच आहे: कर्करोगाच्या पेशीला दिलेलं बोगस बियाणं. आणि त्याच वेळी आपल्याच शरीरातल्या रक्षक पेशी तिला खरं बियाणं पुरवत असतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तीच ओळ तीनदा वाचली होती.

स्वादुपिंड जठराच्या मागं, पार आत दडलेलं. तिथली गाठ बहुधा उशिरा कळते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर 17 मार्च 2019 रोजी याच आजारानं गेले. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हा खऱ्या-खोट्या बियाण्याचा प्रकार जगासमोर मांडला.

पेशीला दुभंगण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो. त्यातल्या सी या अक्षराचा कच्चा माल म्हणजे डिऑक्सिसायटिडीन नावाचा रेणू. जेमसिटाबिन त्याचा जुळा भाऊ शोभावा असा. फरक एवढाच, की एका जागी हायड्रोजनच्या दोन अणूंऐवजी फ्लोरिनचे दोन अणू बसवलेले आहेत. पेशी फसते. खोटं अक्षर ओळीत लावते, त्यापुढं आणखी एक अक्षर जोडते, आणि नक्कल तिथंच अडते. दोन अणूंच्या अदलाबदलीनं अख्खी पेशी मरते! निदान काचेच्या बशीत तरी मरते. माणसाच्या पोटात तेच औषध पुष्कळदा थिटं पडतं.

का, ते समजायला मॅक्रोफेज नावाच्या रक्षक पेशी ओळखाव्या लागतात. 1882 मध्ये शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी सिसिली बेटावरच्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती भटक्या पेशींनी कडं केलेलं. परक्याला गिळून टाकणाऱ्या पेशी! या शोधाच्या वाटेनं पुढं 1908 चं नोबेल आलं. त्यांचेच विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईत आले आणि त्यांनी इथं प्लेगची लस बनवली. परळची हाफकिन संस्था त्यांच्या नावाची. तिथून जवळच टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, जिथं मराठवाड्यातून किती कुटुंबं फायलींची पिशवी काखेत मारून येतात.

पण मॅक्रोफेज पेशी फक्त गिळत नाहीत. जखम झाली की त्या आधी घाण साफ करतात आणि मग रूप पालटून शुश्रूषेला लागतात. नवी पेशी वाढावी म्हणून तिला हवं नको ते पुरवतात. कर्करोगाची गाठ शरीराला कधीच न भरणाऱ्या जखमेसारखी भासते, असं शास्त्रज्ञ हॅरोल्ड ड्वोराक यांनी 1986 मध्ये लिहून ठेवलं होतं. स्वादुपिंडाच्या गाठीत अशा शुश्रूषा करणाऱ्या मॅक्रोफेजांची दाटी असते, आणि त्या आपल्या अंगातून डिऑक्सिसायटिडीन बाहेर सोडत असतात. खरं अक्षर. कर्करोगाच्या पेशीत औषध कामाला लागावं म्हणून जे विकर (एन्झाइम) लागतं, तेच विकर या खऱ्या रेणूलाही लागतं. खऱ्याची रास दारात पडली की बोगस पिशवीकडं पाहतो कोण? उंदरांमधल्या मॅक्रोफेज कमी केल्या, तेव्हा तेच औषध अधिक चांगलं लागू पडलं.

मला याला फितुरी म्हणवत नाही. त्या पेशी आपलं जुनं, मायेचं कामच करताहेत. फक्त ते चुकीच्या दारी चाललंय.

कर्करोगाच्या पेशींना मारू शकणाऱ्या दुसऱ्या रक्षक पेशी, म्हणजे टी-पेशी, मात्र गाठीच्या कडेलाच अडून राहतात. आत चिवट तंतूंचं जाळं, आणि त्यांना थोपवणारे रासायनिक निरोप.

मग मॅक्रोफेजच हटवाव्यात की! तसं करून पाहिलं गेलं. उंदरांत त्यांची वाट अडवली, तर त्यांच्या जागी न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येऊन बसल्या. माणसांवरच्या चाचण्यांतही असा एकेरी उपाय पुरा पडला नाही.

हळदीच्या या हिंगोली जिल्ह्यात हे सांगताना हळदीचा प्रश्न येणारच, आणि तो रास्तही आहे. हळदीतल्या कर्क्युमिनची या आजारावर खरोखर चाचणी झाली आहे. 2008 मध्ये अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन रुग्णालयानं तिचे निष्कर्ष छापले. रुग्णांना रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन तोंडानं दिलं होतं. रक्तात त्यातलं फारच थोडं पोचलं. 21 रुग्णांपैकी दोघांमध्ये काही परिणाम दिसला. आपल्या हळदीवर माझं प्रेम आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो: तिच्या भरवशावर कुणी केमो सोडू नये.

खरी उमेद वाटते ती दुसऱ्या एका प्रयोगानं. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात विनोद बालचंद्रन यांच्या चमूनं प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले बदल वाचून त्याच्यापुरती वेगळी आरएनए लस बनवली. 2023 मध्ये निष्कर्ष आले: 16 जणांना लस दिली, त्यातल्या 8 जणांच्या टी-पेशी जाग्या झाल्या, आणि त्या आठ जणांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी राहिलं. सोबत इतर औषधंही होती आणि माणसं मोजकीच, त्यामुळे मोठ्या चाचणीची वाट पाहावी लागेल. पण लस कधी दिली, ते पाहा. शस्त्रक्रियेनं गाठ काढून टाकल्यावर. खरं बियाणं वाटणारी ती सगळी वस्तीच तिथून उठवल्यावर.