पाणी सुफेन करावे की गाळावे?

विंधणविहिरीच्या पाण्यात पुष्कळदा साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि भांड्यांच्या तळाशी पांढरी पुटे चढतात. अशा दुष्फेन पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. विरघळलेला पदार्थ वाळूत अडकत नाही. म्हणून घरासाठी वाळूची मोठी गाळणी बसविली, तरी ती गढूळपणा दूर करते, दुष्फेनता नव्हे.

पाणी सुफेन करणाऱ्या यंत्रात कृत्रिम राळेचे बारीक मणी असतात. हे मणी कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या मोबदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. त्यांची क्षमता संपली, की मिठाच्या द्रावणाने धुऊन ती परत आणता येते.

परंतु सुफेन पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. या यंत्राने रोगजंतू मरत नाहीत, की फ्लोराइड निघत नाही. तेलंगणातील नळगोंडा जिल्ह्यात भूजलातील फ्लोराइडामुळे असंख्य लोकांचे दात किडल्यासारखे डागाळले, हाडे वाकली. फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. ते काढण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी व चुना वापरण्याची निराळी पद्धत विकसित केली. तीच ‘नळगोंडा तंत्र’ म्हणून ओळखली जाते.

यास्तव यंत्र घेण्यापूर्वी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. २०१२ च्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला दुष्फेनता २०० मिलिग्रॅम व फ्लोराइड १ मिलिग्रॅम एवढ्यापर्यंत स्वीकार्य आहे. दोष कोणता ते आधी कळावे, उपाय त्यानंतर ठरवावा.