पाठीवरचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे ज्याच्या संसाराला स्थैर्य नाहीं अशा मनुष्याला उद्देशून वापरतात. परंतु ऑस्ट्रेलिया खंडांत पुष्कळ कुटुंबें सुटी लागतांच असें बिऱ्हाड हौसेनें मोटारीमागें जोडून अंतर्भागांतील ओसाड प्रदेश पाहावयास निघतात. हें बिऱ्हाड म्हणजे दोन चाकांचा, इंजिन नसलेला एक ट्रेलर होय. बागेंतील पालापाचोळा, लांकूडफांटा व जुनें सामान वाहण्याकरितां सहा फूट लांब व चार फूट रुंद असा उघड्या पेटीसारखा ट्रेलर बाळगण्याची तिकडे चाल आहे. असा एखादा अंगणांत पडून राहिलेला ट्रेलर रानांत मुक्काम करण्याजोगा कसा करतात, आणि तें करतांना कोणती चूक जिवावर बेतते, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम तेथील रस्त्यांची कल्पना असावी. लेन बीडेल यांच्या तुकडीनें १९५५ ते १९५८ या काळांत वाळवंटांतून ‘गनबॅरल हायवे’ नांवाचा मार्ग तयार केला. नांव मोठें असलें तरी तो कच्चाच आहे. वायव्येकडील ‘गिब रिव्हर रोड’ सुमारें ६६० किलोमीटर लांब असून त्याचा बराच भाग खडीमातीचा आहे. अशा रस्त्यांवर रहदारीनें पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडतात. चाक लहानशा उंचवट्यावरून उडतें, पुढें आपटतें, आपटलेल्या जागची माती सारतें, आणि त्यायोगें पुढचा उंचवटा तयार होतो. अशा वळ्यांवरून गाडी तासन्‌तास धडधडत गेली म्हणजे बोल्ट ढिले होतात व लोखंडाचे सांधे चिरतात. मदत शेंकडों किलोमीटर दूर आणि पाणी जवळ असेल तेवढेंच, अशा ठिकाणीं आंस मोडणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

म्हणून पहिलें काम परीक्षेचें. चाकें काढून बेअरिंगें धुऊन पाहावीं. आंतील ग्रीस पाणी मिसळून पांढुरकें झालें असेल तर बेअरिंगें नवीं घालावीं. पेटीच्या पुढें निघालेला जो लोखंडी दांडा मोटारीला जोडतात, तो सांगाड्याला जेथें मिळतो ती जागा, व कमानपाटे अडकविण्याच्या जागा घासून स्वच्छ कराव्या. बारीक चीर असलीच तर ती बहुधा येथें सांपडते. गंजानें पातळ झालेल्या लोखंडावर रंग देणें म्हणजे किडलेल्या खांबाला गिलावा करण्यासारखें आहे. तेवढा भाग कापून नवें लोखंड जोडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

दुसरें काम चाकांचें. मालवाहू ट्रेलरचीं चाकें लहान असतात. त्यांच्या जागीं ओढणाऱ्या मोटारीच्याच मापाचीं चाकें बसविणें उत्तम. मग जास्तीचें चाक दोहोंकडे उपयोगी पडतें. आणि दोहोंच्या चाकांमधील अंतर सारखें असल्यास ट्रेलर मोटारीच्याच चाकोरींतून चालतो, वाळूंत त्याला नवी चाकोरी पाडावी लागत नाहीं. त्याकरितां आंस अधिक जाड घालतात, आणि कमानपाटे आंसाच्या खालीं असल्यास ते वर घेऊन पेटी उंच करतात. मात्र उंचीबरोबर कलंडण्याचें भयहि वाढतें. म्हणून गरजेपेक्षां एक बोटहि उंची वाढवूं नये. जोडणीचा साधा गोळ्याचा सांधा सपाट रस्त्यावर पुरतो. परंतु ओढ्याच्या कांठावर मोटार एकीकडे व ट्रेलर दुसरीकडे कलला म्हणजे तो अडकतो. तेथें सर्व दिशांना फिरणारा सांधा लागतो, व तो निखळला तरी ट्रेलर सुटूं नये म्हणून साखळी लागते.

यानंतर पेटीवर लोखंडी चौकट व झांकण बसवून वर घडीचा तंबू ठेवितात आणि मागील बाजूस स्वयंपाकाची फळी करतात. हा भाग प्रत्येकाच्या आवडीचा आहे. खरी कसोटी पुढेंच आहे, आणि ती वजनाची.

भरलेल्या ट्रेलरचें वजन किती असावें हें त्याच्यावरील धातूच्या पट्टीवर लिहिलेलें असतें. ब्रेक नसलेल्या, एका आंसाच्या ट्रेलरवर बहुधा ७५० किलोग्रॅम हा आंकडा असतो. आतां विद्यार्थ्यांनीं एक हिशेब करून पाहावा. समजा, नव्या आंसासह रिकामा ट्रेलर २५० किलोग्रॅम आहे. चौकट व झांकण ६०, तंबू ६०, बॅटरी ३०, सत्तर लिटर पाणी टांकीसह ८०, जास्तीचें चाक २०, इंधनाचे दोन डबे ४०, चूल व भांडीं ३५, शीतपेटी व अन्न ४५, हत्यारें २५, अंथरुणें व कपडे ४०. बेरीज ६८५ होते. उरले अवघे ६५! एवढ्यांत मुलाची सायकल, टेबल, खुर्च्या व सरपण आलें कीं मर्यादा संपली. आंस जाड घातला म्हणून पट्टीवरचा आंकडा आपोआप वाढत नाहीं. सांगाडा, जोडणी व ब्रेक हीं सर्व तितक्या ताकदीचीं असून तसें अधिकृत अभियंत्यानें प्रमाणित करावें लागतें.

वजन किती याइतकेंच तें कोठें ठेविलें हें महत्त्वाचें आहे. आपल्या शेतकऱ्याला हें शिकवावें लागत नाहीं. बैलगाडी मागें जड भरली तर ती उलाळ होते, जूं वर उचलतें व बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढें फार जड भरली तर सर्व भार बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरचेंहि तसेंच आहे. उलाळ भरलेला ट्रेलर वेगांत डोलूं लागतो, प्रत्येक हेलकावा आधींच्याहून मोठा होत जातो, आणि अखेर तो ओढणाऱ्या मोटारीलाच रस्त्याबाहेर फरफटत नेतो. यास्तव एकंदर वजनाचा सुमारें दहावा हिस्सा जोडणीवर पडेल असें सामान रचण्याचा तेथें प्रघात आहे. वरील उदाहरणांत तो सुमारें ७० किलोग्रॅम होतो. माणसांचें वजन करण्याचा लहान काटा घ्यावा, त्यावर लांकडाचा ठोकळा ठेवून दांड्याचें टोंक नेहमींच्या उंचीवर टेकवावें, म्हणजे हा भार घरच्या घरीं मोजतां येतो.

पाण्याची टांकी आंसाच्या बरोबर वर व शक्य तितकी खालीं बसवितात, त्याचेंहि कारण हेंच. पाणी रोज कमी होतें. टांकी पुढें असेल तर सकाळीं समतोल असलेली गाडी दोन दिवसांत उलाळ होईल. टांकींत आडव्या फळ्या असतात, त्यामुळें पाणी हिंदकळत नाहीं.

धुळीचीहि एक मौज आहे. धावत्या वाहनामागें हवेचा दाब कमी होतो, तिकडे धूळ खेंचली जाते, व बारीकशा फटींतूनहि ती अन्नांत शिरते. उपाय असा कीं, सर्व कडांना रबरी पट्टी लावून पुढच्या बाजूस उंचावर, जेथें धूळ कमी, तेथें एक लहान झरोका ठेवावा. त्यांतून वारा आंत शिरतो, आंतील दाब किंचित् वाढतो, व मागच्या फटींतून धूळ आंत येण्याऐवजीं हवा बाहेर जाते.

सर्व सिद्ध झाल्यावर शहाणे लोक एकदम वाळवंटांत जात नाहींत. घराजवळच एक रात्र मुक्काम करतात, परत आल्यावर प्रत्येक बोल्ट आवळतात, भरलेला ट्रेलर मोठ्या काट्यावर तोलतात, आणि ज्या वस्तूला हात लागला नाहीं ती काढून ठेवितात.

विद्यार्थिमित्रहो, ऊंस भरलेली ट्रॉली किंवा कडब्याची गाडी यापुढें दिसली तर क्षणभर थांबून तिचा भार कोठें पडतो तें पाहा. बिऱ्हाड पाठीवर घेणारानें आधीं पाठीचें बळ ओळखावें, आणि मगच बिऱ्हाड बांधावें.