जुन्या नोंदींची साक्ष

‘वीस वर्षे हीच गोळी बनवतो आहोत, आणखी पुरावा कशाला?’ असे एखादा औषध कारखाना म्हणू शकेल. अमेरिकेच्या एफडीएने १९८७ साली जुन्या उत्पादनाच्या नोंदींवरून प्रक्रिया सिद्ध करण्यास मुभा दिली होती. युरोपच्या २००१ च्या नियमांत त्यासाठी सलग १० ते ३० बॅचेस तपासाव्यात, आणि नापास झालेल्याही त्यांत धराव्यात, अशी अपेक्षा होती.

ही दुसरी अट मोलाची. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. नकोशी नोंद पुसायला एक कळ पुरते, हे मी जाणतो. समजा, गोळीतील औषध ९५ ते १०५ टक्के असले तर चालते. १०२, १००, ९८, ९६ : चारही बॅचेस पास, सरासरी ९९! पण क्रमाने पाहिले की घसरण दिसते. मध्येच यंत्र बदलले असेल, तर नोंदी एकाच प्रक्रियेच्या राहत नाहीत. आणि जे मोजलेच नाही, ते दप्तरात कुठून सापडणार?

पुढे एफडीएने २०११ मध्ये आधी सिद्धता व नंतर अखंड देखरेख असा मार्ग घेतला. युरोपने २०१५ मध्ये जुनी वाट बंदच केली. मंडळी, रोग्याच्या हाती पडते ती कुठल्यातरी एका बॅचची गोळी. सरासरीचा त्याला काय उपयोग?