‘ओपन’ एमआरआय: उघडा किती, दिसतं किती?

शीळफाट्यावरून रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्याला कंबर कुठे धरली, हे विचारावे लागत नाही. कल्याण-शीळ रस्त्याचे धक्के खाऊन एक दिवस पायाला मुंग्या येतात आणि डॉक्टर म्हणतात, “कमरेचा एमआरआय काढून आणा.” त्यानंतर घरात चर्चा होते ती मणक्याची नाही, मशिनची. “त्या बोगद्यात घालतात ना? मला नाही जमणार.” मग कोणीतरी तोडगा काढतो, “ओपनवाला एमआरआय पण असतो, तिकडे जाऊ.”

शीळफाट्याला हल्ली बोगदा म्हटले की घणसोलीकडून येणारा बुलेट ट्रेनचा आठवतो. एमआरआयचा बोगदा जुन्या मशिनमध्ये ६० सेंटिमीटर रुंद असतो, नव्यांत बहुधा ७०. त्यात खांदे कडेला टेकतात, छत नाकापासून वीतभर अंतरावर येते आणि कानाशी हातोडे पडू लागतात. यात घाबरायला माणूस भित्राच असावा लागतो असे मुळीच नाही.

पण हा बोगदा उगाच केलेला नाही. द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत गार केलेल्या तारेची वेटोळी त्याच्याभोवती असतात. त्यांतून वीज विनाअडथळा फिरत राहते आणि आत दीड टेस्लाचे चुंबकत्व तयार होते, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त आणि जवळजवळ सर्वत्र सारखे. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन भरपूर. त्याचे अणुकेंद्र या चुंबकत्वाला प्रतिसाद देते, रेडिओ लहरींनी डिवचले की परत लहर सोडते, आणि त्या लहरींवरून संगणक चित्र उभे करतो. एक्स-रेसारखे किरण यात नसतात.

ओपन मशिनची रचना वेगळी. जात्याच्या दोन तळ्यांसारखे दोन मोठे कायमचुंबक, एक वर, एक खाली. मध्ये रुग्ण, बाजू मोकळ्या. हेलियम लागत नाही, पण चुंबकाचे वजन दहा टनांपलीकडे जाते. त्याची ताकद साधारण ०.२ ते ०.४ टेस्ला. एक टेस्लाच्या वरची ओपन मशिन्सही निघाली आहेत, पण ती विरळा.

गोम इथेच आहे. दीड टेस्लातही दर दहा लाख हायड्रोजन केंद्रांमागे जेमतेम पाचांचाच जादा कल चुंबकाच्या दिशेने असतो. बाकीची एकमेकांना खोडून काढतात. सगळे चित्र त्या पाचांवर उभे. ०.३ टेस्लावर हे पाच उरतात एक. कमी संकेतातून स्पष्ट चित्र हवे तर तीच नोंद पुनःपुन्हा घ्यावी लागते, आणि स्पष्टता दुप्पट करायला वेळ चौपट लागतो. म्हणून ओपन मशिनमध्ये एक तर जास्त वेळ पडून राहावे लागते, नाहीतर जाड कापांच्या चित्रांवर भागवावे लागते. ज्याची कंबर दहा मिनिटे सरळ झोपू देत नाही, त्याला हा मोकळेपणा महाग पडतो, कारण हलला की चित्र फिसकटते.

फायदेही आहेत. खडखडाट होतो तो चुंबकत्वात बसवलेल्या कॉइलमधून वीज झपाट्याने उलटसुलट सोडल्यामुळे. चुंबक सौम्य असला की आवाजही कमी. शरीरात स्क्रू किंवा पट्टी असेल तर तिच्याभोवतीचे चित्र कमी बिघडते. गुडघा, मनगट, किंवा नस दाबणारी मोठी चकती पाहायला हे मशिन पुष्कळदा पुरते. मेंदूतला बारीक डाग, आतला कान किंवा हृदय पाहायचे असेल तर मी बंद मशिनच सुचवेन.

बरे, ओपन म्हणजे भीती गेली असेही नाही. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात बंद जागेची धास्ती असलेल्या १७४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून चाचणी झाली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आखूड बोगद्याच्या मशिनमध्ये ३९ टक्के जणांना त्रास झाला, ओपनमध्ये २६ टक्क्यांना. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो ठामपणे उतरला नाही. तेव्हा उरलेले काम माणसांनीच करायचे असते. आत सरकवण्याआधी डोळ्यांवर रुमाल, हातात घंटीचा फुगा, शक्य असेल तिथे पाय आधी आत, कानात बोळे, आणि मधूनमधून “आता चार मिनिटं आवाज येईल हं, काकू” असे सांगणारा टेक्निशियन. हा शेवटचा भाग अनेक ठिकाणी घाईत गळतो, ही माझी तक्रार आहे.

घाईत गळू नये अशी दुसरी गोष्ट म्हणजे धातूची चौकशी. मंगळसूत्राचे सोने चुंबक ओढत नाही. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन ओढतो. महापे, तळोजाच्या कारखान्यांत ग्राइंडिंग केलेल्या कामगाराच्या डोळ्यात पोलादाचा कण राहिलेला असू शकतो. चुंबकाने तो कण सरकला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून आधी एक्स-रे काढतात. चुंबक रात्रीही चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन खोलीत शिरलेल्या नातेवाइकाचा जीव गेला, तो याच ओढीने. मशिन बसवतानाही रस्त्यापासूनचे अंतर मोजतात, कारण जवळून जाणारा ट्रक चुंबकत्वाची घडी विस्कटतो. शीळफाट्यासारख्या नाक्यावर हे विसरून चालत नाही.

अलीकडे ८० सेंटिमीटर रुंदीचे ०.५५ टेस्लाचे बंद मशिनही आले आहे. चुंबकाची उणीव ते संगणकाच्या जोरावर भरून काढते. आणि पाटीवरचे ‘ओपन’ कधी कधी ७० सेंटिमीटरच्या बोगद्यालाच चिकटवलेले असते. म्हणून वेळ ठरवायला फोन कराल तेव्हा मशिन किती टेस्लाचे, बोगदा किती रुंद आणि किती वेळ लागेल हे विचारा, आणि मिळालेली उत्तरे एमआरआय लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगून मगच पैसे भरा.